‘आता बरी झालीस ना!’

एका वाचक भगिनीचं पत्र समोर आहे. वय बेचाळीस, दोन मुली, थोरली बारावीला. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, किमोचे डोस झाले, शेकही घेऊन झाला. शेवटच्या दिवशी घरात पेढे वाटले. त्याला आता आठ महिने होऊन गेले. त्या लिहितात, “सगळे म्हणतात, आता बरी झालीस ना, मग अशी बसून का राहतेस? मलाही कळत नाही मी का थकते. हात जड होतो. कळशी उचलू की नको? हळदीकुंकवाला गेले की बायका माझ्या छातीकडेच बघताहेत असं वाटतं. आणि सर्वांत मोठी काळजी मुलींची. सासूबाई म्हणतात, बाहेर कुणाला बोलू नकोस, पुढे स्थळं यायची आहेत.”

पत्राखाली नाव नाही, पत्ता नाही, तेव्हा खाजगी उत्तर धाडायची सोय नाही. पण हे प्रश्न एकटीचे नाहीतच. म्हणून आज पाककृती आणि डाग काढण्याच्या युक्त्या बाजूला ठेवून याच पत्राबद्दल लिहिते. एक आधीच सांगून टाकते. आजाराचं नाव एक असलं तरी प्रत्येकीचे उपचार निराळे असतात. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हांला जे सांगितलं असेल ते आधी, मग या लेखातलं.

थकव्यापासून सुरुवात करू. हा थकवा आळसाचा नाही आणि मनाचा खेळही नाही. रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलत नाही, हीच त्याची खूण. शस्त्रक्रिया, किमो, शेक यांत शरीराची झालेली झीज भरून यायला कित्येक महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक. तरीही एकदा रक्त तपासून घ्यावं, कारण हिमोग्लोबिन उतरलेलं असणं, थायरॉइडचं बिघडणं अशी दुरुस्त होण्यासारखी कारणंही त्यात दडलेली असतात. ती नसतील तर उपाय ऐकून हसाल. उपाय आहे चालण्याचा! थकलेल्या बाईला आणखी चालायला लावता, असं घरची म्हणतील. पण विश्रांतीनं न हटणारा हा थकवा हलक्या, नियमित चालण्यानं कमी होतो, असं अनेक अभ्यासांतून दिसलेलं आहे. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं गच्चीवर किंवा अंगणात पुरेत. मग वाढवत वाढवत आठवड्याचे एकूण १५० मिनिटांपर्यंत न्यायचं. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी सोडून द्यायचं, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

आणि घरची कामं? ती वाटून द्या, दुसरं उत्तर नाही. धुणं आणि फरशी एकाच दिवशी नको. पोळ्या स्टुलावर बसून लाटाव्यात. बारावीची मुलगी अभ्यासाची आहे हे खरं, पण नवरोबांना तर बारावीची परीक्षा नाही! कुकर लावणं आणि दूध तापवणं पुरुषाला एका दुपारी शिकवता येतं. ‘उपचार चालू असताना करत होतो की,’ असं ते म्हणतील. तर आणखी सहा महिने करा, म्हणावं.

आता हाताकडे येते, कारण त्याबद्दल नीट कुणी सांगत नाही. आपल्या काखेत लहान लहान लसिका ग्रंथी असतात. हातात पाझरलेलं पाणी गाळून परत रक्ताकडे जायची वाट त्यांच्यातून असते. शस्त्रक्रियेत त्या काढल्या, किंवा काखेवर शेक दिला, की ती वाट अरुंद होते आणि पाणी हातात साचू लागतं. ही सूज लगेच येते असंही नाही. काही महिन्यांनी येते, कधी कधी काही वर्षांनीही. सर्वांना येत नाही, पण आलीच तर सुरुवातीला धरलेली बरी, कारण जुनी झालेली सूज हटायला फार चिवट असते.

सुरुवात कशी ओळखायची, तर बाईला ते आपसूकच कळतं. एका हाताच्या बांगड्या रुतू लागतात, ब्लाउजची एकच बाही घट्ट होते, अंगठी निघत नाही. शिवणाची टेप घ्या आणि दोन्ही हातांवर सारख्याच जागी, म्हणजे मनगट, कोपराच्या खाली चार बोटं, कोपराच्या वर चार बोटं, अशी मापं महिन्यातून एकदा घेऊन कॅलेंडरवर टिपून ठेवा. दोन्ही हातांत दोन सेंटिमीटरचा फरक दिसू लागला, किंवा तेवढा नसला तरी हात जड वाटू लागला, तर डॉक्टरांना दाखवा. फिजिओथेरपी करणाऱ्या बाई पट्टी बांधायला, हलक्या हातानं मालीश करायला शिकवतात आणि मापाची घट्ट बाही घालायला देतात. ती बाही बाजारातून अंदाजानं आणू नये, माप चुकलं तर अपाय होतो. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तो जंतुसंसर्ग असतो आणि त्याला हळदीचा लेप पुरत नाही.

कळशीचं म्हणाल तर पूर्वी सांगत, त्या हातानं जन्मभर काही जड उचलायचं नाही. आता तसं नाही. २००९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हात सुजलेल्या स्त्रियांना देखरेखीखाली अगदी थोड्या वजनापासून हळूहळू वजनं उचलायला लावली, तर त्यांची सूज वाढली नाही, उलट मधूनमधून उसळणारा त्रास कमी झाला. तेव्हा पहिल्याच दिवशी भरलेली कळशी नको, पण हात शोभेचाही करून ठेवायचा नाही. तांब्यापासून सुरुवात करावी, मग पाव बादली, मग अर्धी. दुसऱ्या दिवशी हात जड वाटला तर एक पायरी खाली उतरायचं. खांदा आखडू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत जायचं. जिथवर हात पोचला तिथे पेन्सिलीनं खूण करून ठेवली की पुढच्या आठवड्यात आपली प्रगती आपल्यालाच दिसते. स्वतःची वेणी स्वतः घालणं हाही चांगला व्यायाम आहे.

त्या हाताची कातडी जपावी लागते. विळीवर चिरताना, फोडणी देताना, कुकरची शिटी काढताना सांभाळा. कुंड्यांतली माती आणि भांड्यांची राख-पावडर यांसाठी रबरी मोजे वापरा. कापलंच तर साबणपाण्यानं धुऊन मलम लावावं. थंडीत खोबरेल तेल चोळावं म्हणजे भेगा पडत नाहीत. रक्तदाब मोजताना, सुई टोचून घेताना शक्यतो दुसरा हात पुढे करावा. घाईच्या वेळी त्याच हाताला टोचली गेली तर घाबरून जायचं कारण नाही.

आणि बांगड्या! कासाराकडे हात दाबून, मुरडून बांगड्या भरून घ्यायची आपली रीत त्या हाताला चालणार नाही. काच फुटून लागलं तर आणखीच वाईट. सहज निघतील अशा एक-दोन सैल बांगड्या त्या हातात ठेवा आणि हौस दुसऱ्या हातावर भागवा. सवाष्णीचा एक हात उणा कसा, असं कुणी म्हणालं तर हा परिच्छेद वाचून दाखवा.

छातीकडे बघणाऱ्या बायकांचं काय करावं? खरं तर निम्म्या बायका तुमची साडी बघत असतात. पण हे सांगून मनाची समजूत पटत नाही, तेव्हा उपायाचंच बोलू. जखम पुरती भरली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की कृत्रिम स्तन वापरता येतो. सिलिकोनचे महाग असतात, पण विणलेले, कापसाचेही चालतात. घरी करायचा असेल तर जुन्या मलमलीची स्तनाच्या आकाराची पिशवी शिवून त्यात स्वच्छ कापूस भरा. नुसता कापूस हलका पडतो आणि ब्लाउज वर सरकतो, म्हणून आत मोहरीची छोटी पुरचुंडी शिवून घाला आणि धुताना ती काढून ठेवा. ब्रेसियरला आतून खिसा शिवला की सगळं जागेवर राहतं. वजन दोन्हीकडे सारखं असलं की खांदा एका बाजूला झुकत नाही, पाठही दुखत नाही. म्हणजे हा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. काहीजणी हे काहीच वापरत नाहीत आणि पदर सारखा करून सुखानं हिंडतात. तेही ठीकच.

ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या हॉल्स्टेड या शल्यविशारदानं स्तन, खालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सरसकट काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. ती कित्येक दशकं चालली. बर्नार्ड फिशर यांनी तिच्यावर शंका घेतली. १९७६ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या चाचणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. ज्यांची फक्त गाठ काढून नंतर शेक दिला, त्यांचं आयुष्य पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतकंच होतं. प्रत्येकीच्या बाबतीत हे शक्य नसतं, गाठ केवढी आणि कुठे आहे त्यावर ते ठरतं. पण ‘माझा स्तन वाचवता येईल का?’ हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. सगळं काढून टाकलं म्हणजे अधिक सुरक्षित, हा नातेवाइकांचा तर्क आहे.

ज्यांची किमो सध्या चालू आहे त्यांनी घरात थर्मामीटर ठेवलाच पाहिजे. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. त्या दिवसांत ताप १०० पूर्णांक ४ अंशांवर गेला तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीचे दोन वाजलेले असोत, इस्पितळ गाठायचं. या एका वाक्यासाठी बाकी सगळा लेख विसरलात तरी चालेल.

खाण्याबद्दल मात्र प्रत्येक घरात एक वैद्य असतो. साखर बंद करा म्हणजे रोगाची उपासमार होईल, हे एक. रोगाची होत नाही, बाईची होते. त्या दिवसांत वजन टिकवणं महत्त्वाचं. मऊ मुगाची खिचडी, वरण, दूध-दही, अंडी चालत असतील तर अंडी, पनीर, थोडं थोडं पण पाच-सहा वेळा. तोंड आलं असेल तर मेतकूट-भात आणि साय-भात यांच्यासारखं दुसरं काही नाही. तिखट-आंबट दूर ठेवा आणि मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं दिवसातून चार वेळा चुळा भरा. फळं स्वच्छ धुऊन, साल काढून द्या. पाणी उकळून गार केलेलं. उपास या महिन्यांत सोडा. चतुर्थी आणि एकादशी पुढल्या वर्षीही येणार आहेत.

दुसरा वैद्य झाडपाला आणतो. सदाफुलीचीच गोष्ट घ्या. तिच्यापासून कर्करोगाचं औषध होतं हे अगदी खरं. १९५८ मध्ये कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर मधुमेहाच्या औषधाच्या शोधात होते आणि त्यांना या झाडात व्हिनब्लास्टीन सापडलं. पुढे याच झाडातून मिळालेलं व्हिन्क्रिस्टीन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात. पण ते मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून, रक्त तपासत देतात, कारण मात्रा जराशी वाढली तर ते विषच आहे. म्हणून कुंपणावरची पानं चावून खाणं धोक्याचं. कुठलाही काढा, भस्म, रस घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या. न सांगता घेतलेल्या काढ्यामुळे किमोचं औषध कमी-जास्त लागू पडण्याची भीती असते.

हा रोग शिवण्यानं लागत नाही. ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही, एका अंथरुणात झोपायला हरकत नाही. बाहेरून शेक घेतलेल्या बाईच्या अंगात किरण उरत नाहीत, तिनं लेकराला खुशाल जवळ घ्यावं. किमोची औषधं मात्र दोन दिवस लघवी-उलटीतून बाहेर पडतात, म्हणून तेवढे दिवस संडासात दोनदा पाणी ओतावं आणि मळलेले कपडे मोजे घालून वेगळे धुवावेत. इतकीच काय ती शिवाशिव.

पत्रलेखिकेनं लिहिलेलं नाही, पण त्यांना रोजची गोळी असण्याचा संभव आहे. ज्यांची गाठ हार्मोनवर पोसणारी असते त्यांना टॅमॉक्सिफेन किंवा त्यासारखी गोळी पाच वर्षं, कधी दहा वर्षंही घ्यावी लागते. अंगातून वाफा येतात, सांधे धरतात, चिडचिड होते, आणि मग एके दिवशी ‘आता काय, बरीच झालेय’ म्हणून बाई गोळी सोडून देते. असं करू नका. रोग परतू नये म्हणूनच ती असते. त्रास सांगितला तर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. टॅमॉक्सिफेन चालू असताना दिवस राहू देऊ नयेत, आणि पाळी गेलेल्या बाईला रक्तस्राव दिसला तर तो लगेच दाखवावा. ताणासाठी किंवा झोपेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर ही गोळी चालू आहे हे त्यांना सांगा, कारण नैराश्यावरची काही औषधं हिच्या आड येतात.

तपासणीला पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी जावं लागतं, मग सहा महिन्यांनी-वर्षानं, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. वर्षाला एक मॅमोग्राफी. तक्रार काही नसताना दर खेपेला मोठाले स्कॅन काढत बसण्याची जरूर नसते, त्यानं आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो, आठवडाभर आधी झोप उडते. हे जवळजवळ प्रत्येकीला होतं. त्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका, आणि तपासणीला एकट्या जाऊ नका.

आता मुली आणि स्थळं. सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांनी जग पाहिलंय आणि त्या नातींच्याच काळजीनं बोलतात. पण त्यांचा हिशेब चुकतो आहे.

स्तनाच्या शंभर कर्करोगांतले पाच ते दहाच आईवडिलांकडून आलेल्या जनुकांतल्या दोषामुळे होतात. बाकीच्यांत घराण्याकडून आलेला असा ठळक दोष सापडत नाही. आईला चाळिशीच्या आसपास किंवा आधीच झाला असेल, किंवा आजी-मावशी-आत्या यांच्यापैकी कुणाला स्तनाचा वा बीजकोशाचा झाला असेल, तर जनुकांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावं. ही तपासणी आधी आजारी बाईची करतात, मुलींची नाही. तिच्यात दोष निघाला नाही तर मुलींच्या मनावरचं मोठं ओझं उतरतं. निघाला, तरी मुलगी सज्ञान झाल्यावर तिला तपासण्या लवकर सुरू करता येतात. पण त्यासाठी मुलींना आपल्या आईला काय झालं होतं हे माहीत तर हवं! स्थळांपासून लपवता लपवता आपण ते मुलींपासूनच लपवून बसतो. उद्या लेकीच्या सासरी, दूरच्या गावात, डॉक्टरनं ‘घरात कुणाला होता का?’ विचारलं आणि ती ‘नाही’ म्हणाली, तर त्या एका ‘नाही’ची किंमत कोण मोजणार?

मग स्थळांना सांगायचं का? माझं मत स्पष्ट आहे. पत्रिकेबरोबर छापायची ती गोष्ट नाही, पण बोलणी पुढे गेली की सांगावं. एवढं ऐकून जे घर मागे फिरेल त्या घरात मुलीला उद्या साधा टायफॉइड झाला तरी तिचे हालच होतील. लग्नानंतर बाहेरून कळलं तर मात्र आजारापेक्षा फसवणुकीचीच चर्चा होते.

लपवण्याची आणखी एक किंमत शेजारणी मोजतात. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी स्तन तपासले. मशीन नाही, सुई नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. इतक्या साध्या तपासणीला बाया का जात नाहीत, तर गाठ म्हणजे मरण असंच त्यांनी ऐकलेलं असतं. बरी होऊन भाजी घ्यायला निघालेली बाई त्यांनी पाहिलेलीच नसते, कारण ती आपला आजार पदराखाली झाकून भाजी घेत असते. मेहरबाई टाटा १९३१ मध्ये परदेशात रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, १९४१ मध्ये परळचं इस्पितळ उघडलं. तेव्हापासून तिथून बऱ्या होऊन किती बायका घरी गेल्या असतील! त्यांतल्या आपल्या ओळखीच्या किती?

खर्चाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किमो आणि शेक यांचा समावेश आहे. योजनेतल्या इस्पितळात ‘आरोग्यमित्र’ बसतात, रेशनकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा. उपचारांसाठी रेल्वेनं जाताना रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत मिळते, त्याचा फॉर्म इस्पितळातून भरून घ्यावा लागतो.

जाता जाता एक काम आजच करा. सगळे कागद एका फाइलीत तारखेप्रमाणे लावा. गाठीचा तपासणी अहवाल, म्हणजे बायॉप्सी, सर्वांत वर. पहिल्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहा: शस्त्रक्रिया कधी आणि कोणत्या बाजूला झाली, काखेतल्या गाठी काढल्या का, किमोच्या औषधांची नावं आणि डोस किती झाले, शेक किती दिवस, कोणती गोळी चालू आहे, कशाची अॅलर्जी आहे. काही किमो-औषधांचा परिणाम हृदयावर पुढे कित्येक वर्षांनीही दिसू शकतो, म्हणून दहा वर्षांनी साध्या धाप लागण्यासाठी गेलात तरी हे पान डॉक्टरांना दाखवायचं. या पानाच्या दोन झेरॉक्स काढा. एक पर्समध्ये, आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात, जिला किंवा ज्याला ती कुठे ठेवली आहे ते आठवेल.